चढायला जागा हवी

कोकणातल्या एखाद्या जुन्या वाडीत आंब्याच्या नाहीतर माडाच्या खोडावर चढलेला मनी प्लांट दाखवला, तर शहरातल्या माणसाला तो चटकन ओळखू येत नाही. पान दीड-दोन फूट लांब, कडेने आतपर्यंत फाटलेलं, आणि वेल अंगठ्याहून जाड. त्याच घराच्या खिडकीत, काचेच्या बाटलीत, त्याचाच एक फाटा वर्षानुवर्षं तळहाताएवढ्या पानांवर भागवत असतो. एकाला चढायला झाड मिळालं, दुसऱ्याला मिळालं नाही, एवढाच काय तो फरक.

घरात वाढवायच्या मोठ्या वेलींबद्दलच्या निम्म्या तक्रारी या फरकातून निघतात. सध्या अशी मोठी वेल म्हटली की मॉन्स्टेरा. पुण्याहून सोलापूरकडे निघालं की उरुळी कांचनच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या कडेला नर्सऱ्या लागतात. तिथल्या हिरव्या जाळीखाली तिच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात. उशीचे अभ्रे, पडदे, कॉफीचे मग, सगळ्यांवर तिची पानं छापून झाली आहेत. इतकी ओळखीची झाल्यामुळे की काय, ती मुळात काय आहे हे कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक तिला शोभेचं झाड म्हणून घेतं, सोफ्यामागच्या कोपऱ्यात ठेवतं आणि सहा महिन्यांनी नर्सरीवाल्याला विचारतं, “अहो, हिच्या पानांना भोकं का पडत नाहीत?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र मेक्सिकोच्या जंगलातून सुरू करावं लागतं.

मॉन्स्टेरा डेलिसिओसा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या ओल्या जंगलांतली. कुळ अळू-सुरणाचं, मनी प्लांटही त्यातलाच. फ्रेडरिक लीबमान हा डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोत हिंडला आणि १८४९मध्ये त्याने या वेलीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. युरोपातल्या काचघरांत ती लवकरच रुळली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत तिची दिवाणखान्यातली लाट आली, तीही फिलोडेंड्रॉन या भलत्याच नावाने. तिथे कित्येक दुकानांत तेच नाव अजून चालतं. फ्रान्समध्ये आँरी मातीस या चित्रकाराने नीसच्या आपल्या स्टुडिओत ती हौसेने वाढवली होती. त्या स्टुडिओच्या छायाचित्रांत ती चांगली पसरलेली दिसते, आणि उतारवयात त्याने रंगवलेले कागद कात्रीने कापून केलेल्या चित्रांतले पानांचे आकार पाहताना तिची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

जंगलात तिचं आयुष्य जमिनीवर सुरू होतं. बी पडतं, रुजतं, आणि बारीक कोंब पालापाचोळ्यातून सरपटू लागतो. रोपटं उजेडाकडे वळतं हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. हा कोंब काळोखाकडे जातो. डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे या दोघांनी कोस्टा रिकामध्ये मॉन्स्टेराच्याच एका जातीची रोपं तपासून १९७५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे मांडलं. आजूबाजूला जिथे सगळ्यात जास्त अंधार दिसतो, त्या दिशेने रोप सरकतं; आणि जंगलात जमिनीच्या पातळीवर सगळ्यात गडद अंधार असतो तो जवळच्या जाडजूड झाडाच्या बुंध्याचा. खोड जितकं जाड, तितक्या लांबून रोप त्याच्याकडे ओढलं जातं. डोळे नसलेल्या कोंबाला मोठं झाड शोधून काढायचं असेल, तर याहून सोपी युक्ती नाही. खोडाला टेकल्याबरोबर त्याची चाल बदलते आणि तो उजेडाच्या मागे वर चढू लागतो. (याच थॉमस रेने पुढे संगणकात आपोआप उत्क्रांत होत जाणारे प्रोग्रॅम तयार केले, ‘टिएरा’ या नावाने. वेली सोडून माणूस तिकडे कसा गेला, ही वेगळी गोष्ट.)

चढताना दोन तऱ्हेची मुळं लागतात. आखूड मुळं सालीला घट्ट चिकटून वेलीला धरून ठेवतात. दुसरी लांब, दोरीसारखी. ती हवेतून खाली सुटतात, जमीन गाठतात आणि पाणी वर आणतात. मेक्सिकोत या लांब मुळांच्या टोपल्या विणत. दिवाणखान्यात मात्र हीच मुळं खुर्चीमागून जमिनीवर लोळताना दिसली की लोक घाबरतात, काही जण कात्री घेऊन बसतात. एखाददुसरं मूळ कापल्याने वेल मरत नाही, पण कापायची गरजही नसते. खालची मुळं वळवून कुंडीच्या मातीत सोडून द्यावीत. ती तिकडेच निघालेली असतात.

जसजशी वेल वर जाते तसतशी पानं बदलतात. कोवळ्या रोपाची पानं अखंड, बदामाच्या आकाराची. पुढच्या पानांच्या कडेला एखादी चीर, मग चार, मग मधल्या शिरेजवळ भोकांची रांग. जंगलात ही वेल २० मीटरपर्यंत चढते आणि वरचं पान तीन फुटांच्या घरात जातं. भोक पडतं ते पान जन्माला येताना. कळीच्या आत पान अगदी इवलंसं असताना ठरावीक जागच्या पेशी आपणहून मरतात. तिथे टाचणीच्या टोकाएवढी जागा रिकामी राहते, आणि पान वाढताना ती जागाही वाढत जाते. कडेजवळचं भोक वाढून कड तुटली की त्याची चीर होते. एकदा उघडलेल्या पानाला नंतर नवं भोक पडत नाही. त्यामुळे अखंड पानाकडे बघत वाट पाहण्यात अर्थ नसतो. लक्ष ठेवायचं ते पुढच्या पानावर.

हा सगळा खटाटोप कशासाठी, यावर तर्क पुष्कळ झाले: वादळात पान फाटू नये म्हणून, पावसाचं पाणी खालच्या मुळांपर्यंत जावं म्हणून. ख्रिस्तोफर म्यूर या अमेरिकी संशोधकाने २०१३मध्ये एक गणिती मांडणी केली, आणि आजवरच्या तर्कांत तीच जास्त पटते. दाट जंगलात खाली सलग ऊन येत नाही, कवडसे येतात; ते सरकतात, विझतात, दुसरीकडे उमटतात. तेवढ्याच ऐवजाचं अखंड पान केलं तर ते लहान होतं. कवडसा नेमका त्यावर पडला तर चैन, नाहीतर दिवसभर उपास. तोच ऐवज भोकं ठेवून मोठ्या घेरावर पसरला, तर थोडा तरी कवडसा रोज हाती लागतो. एकूण उजेड दोन्हीकडे सारखाच, पण दुसऱ्या पानाची मिळकत भरवशाची. सावलीत जगणाऱ्या वेलीला हा भरवसा फार मोलाचा.

तेव्हा नर्सरीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं: वेल अजून लहान आहे, किंवा तिला उजेड कमी पडतोय, किंवा तिला आपण चढतोय असं वाटेल असं काही मिळालेलं नाही. बहुधा तिन्ही.

उजेडाचं आधी. ‘सावलीतलं झाड’ या दोन शब्दांनी जितक्या मॉन्स्टेरा मारल्या असतील, तितक्या कुठल्या किडीने मारल्या नसतील. जंगलातली सावली आणि फ्लॅटमधली सावली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भर दुपारी उघड्यावर उजेड सुमारे १ लाख लक्स असतो. दिवाणखान्याच्या मध्यावर, दिवसाढवळ्या, तो काही शेकड्यांवर उतरलेला असतो. माणसाच्या डोळ्याला हे कळत नाही, कारण बाहुली मोठी होते आणि खोली ‘चांगली उजेडाची’ वाटते. पानाला बाहुली नसते. म्हणून कुंडी खिडकीपासून हात-दोन हातांवर हवी. पूर्वेची खिडकी सगळ्यात उत्तम, सकाळचं कोवळं ऊन अंगावर आलं तरी बिघडत नाही. पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते मे पातळ पांढरा पडदा लावावा, नाहीतर पानावर तपकिरी, कोरडे डाग उमटतात आणि ते कायमचे राहतात. उत्तरेची खिडकी मोठी असेल तर चालते, वाढ सावकाश होते. दोन पानांमधलं अंतर वाढत चाललं, देठ लांबच लांब होऊन खिडकीकडे झुकले आणि नवं पान आधीच्यापेक्षा लहान आलं, तर वेल उजेडासाठी ताणते आहे असं समजावं. अशा वेळी लोक खत घालतात. खताने अंधार भरून निघत नाही.

आता चढायचं. बाजारात मॉस स्टिक म्हणून जी काठी मिळते ती बहुतेक वेळा काथ्या गुंडाळलेला प्लास्टिकचा पाइप असतो. तिला नावं ठेवायचं कारण नाही, फक्त ती काय करू शकते ते माहीत हवं. वेलीला टेकू ती देते; मुळांना आत शिरायला ओल मात्र देत नाही, कारण काथ्यावर ओतलेलं पाणी क्षणात खाली निथळतं. ज्याला खरोखर मोठी पानं हवी आहेत त्याने बागेला वापरतात ती प्लास्टिकची जाळी नळीसारखी वळवावी, आत भिजवलेलं शेवाळ ठासून भरावं, आणि वरून रोज थोडं पाणी सोडून ती ओली ठेवावी. काही दिवसांत वेलीची मुळं जाळीच्या भोकांतून आत घुसतात, आणि त्यानंतर येणाऱ्या पानांचा आकार बघण्यासारखा असतो. शेवाळ महाग वाटलं तर खडबडीत, रंधा न मारलेली लाकडाची फळीही चालते. जंगलातलं खोड तरी दुसरं काय असतं?

काठी कुठल्या बाजूला रोवायची यात हमखास घोटाळा होतो. मॉन्स्टेराच्या खोडाला पाठ आणि पोट असतं. मुळं ज्या बाजूने फुटतात ती पाठ, काठी तिकडे. पानं पुढे, खिडकीकडे. काठी उलट बाजूला रोवून पानांचे देठ सुतळीने आवळले की वेल गुदमरल्यासारखी दिसते आणि महिनाभरात पानं वाकडी-तिकडी होतात. बांधायचं ते जाड खोड, तेही सैल. देठाला हात लावायचा नाही, कारण देठ जिथे पानाला मिळतो तिथे एक फुगीर सांधा असतो आणि त्या सांध्यावर पान उजेडाप्रमाणे हळूहळू वळतं. कुंडी फिरवून ठेवली तर काही दिवसांत सगळी पानं पुन्हा खिडकीकडे तोंड करून उभी राहतात, ती या सांध्याच्या जोरावर. काठी रोवायची वेळ कुंडी बदलण्याची. भरलेल्या कुंडीत नंतर खुपसली तर मुळं तुटतात.

नवं पान उघडताना एकदा नीट पाहावं. आधीच्या पानाच्या देठाला बुडाशी एक खोबण असते, तिथून टोकदार, फिकट हिरवी सुरळी वर येते. ती लांबत जाते, पण बरेच दिवस घट्ट मिटलेली राहते. मग एका बाजूने कड सुटते. आतलं पान पोपटी, ओलसर आणि इतकं लुसलुशीत असतं की नख लागलं तरी काळा ओरखडा राहतो. भोकं त्यात आधीपासून असतात. गुंडाळी सुटेल तशी ती एकेक दिसू लागतात. हवा फार कोरडी असली, म्हणजे नागपूरला एप्रिलमध्ये एसी चालू असतो तशी, तर पान आपल्याच घडीत अडकतं. अशा वेळी बोटांनी उलगडायचा मोह आवरावा आणि सुरळीवर पाणी फवारावं. पूर्ण उघडल्यावर पान गडद आणि चामड्यासारखं व्हायला आणखी आठवडाभर तरी लागतो.

माती कशी हवी, हे वेल खोडावर चढणारी आहे एवढं लक्षात ठेवलं की आपोआप कळतं. मुळांना ओल हवी आणि हवाही. काळी माती तर नकोच. नर्सरीतून येणारी रोपं निव्वळ कोकोपीटमध्ये असतात, आणि ते फसवं असतं: वरून कोरडं दिसतं, तळाशी चिखल असतो. नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचे नाहीतर कोळशाचे बारीक खडे, थोडं कोकोपीट, थोडं गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिसळलं की काम भागतं. पाण्याचा वार ठरवू नये. दोन पेरं बोट आत खुपसावं. कोरडं लागलं तर कुंडीच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी द्यावं आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाकावं. पुण्यात मे महिन्यात हे आठवड्यातून दोनदा करावं लागेल, मुंबईत जुलैमध्ये दहा-बारा दिवसही लागणार नाही. पावसाळ्यातच जास्त वेली जातात: उजेड कमी, हवा दमट, कुंडी वाळत नाही, आणि मालकाची सकाळी पाणी घालायची सवय सुटत नाही. खालची पानं पिवळी पडून मातीला कुबट वास आला तर मुळं कुजली म्हणून समजावं, कुंडी उपडी करून काळी, गिळगिळीत मुळं कापून टाकावीत. पहाटे पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत असेल तर तो दव नसतो. मुळांनी घेतलेलं जादा पाणी पान बाहेर टाकतं.

पानं दुधाने, खोबरेल तेलाने चमकवायची पद्धत काही घरांत आहे. तेलावर धूळ बसते, रंध्रं बुजतात. ओलं फडकं पुरे. पुसताना पानाची मागची बाजूही बघून होते, आणि पिठ्या ढेकूण, लाल कोळी, खवले कीड ही मंडळी मागेच लपतात. पांढरा कापूस दिसला की निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी. फुलकिडे जास्त चिवट. त्यांनी खरवडलेलं पान रुपेरी दिसतं, आणि एका फवाऱ्याने ते जात नाहीत.

झाडं घरातली हवा शुद्ध करतात, हे ऐकून वेल घेणारेही पुष्कळ. या समजुतीमागे नासाने १९८९मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग आहेत, पण ते छोट्या बंद पेट्यांत केलेले होते. २०१९मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी अशा प्रयोगांचे आकडे खऱ्या घराला लावून पाहिले. खिडकी उघडी ठेवून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला किमान १० आणि कदाचित १,००० झाडं लागतील, असं निघालं. तेवढ्या झाडांत माणसाने बसायचं कुठे?

हौसेला मात्र हिशेब नसतो. करोनाच्या काळात घरात अडकलेल्या जगाने झाडांवर उधळपट्टी केली. पांढऱ्या पट्ट्यांच्या मॉन्स्टेराला तेव्हा सोन्याचा भाव आला. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग कमावत काही नाही, फक्त खातो. आणि तपकिरी होऊन सुकतोही तोच आधी. ‘थाई कॉन्स्टेलेशन’ नावाचा ठिपक्यांचा वाण ऊतिसंवर्धनाने प्रयोगशाळेत बनतो, म्हणून त्याचा भाव पुढे उतरला. न्यूझीलंडमध्ये तर २०२१मध्ये आठ-नऊ पानांचं एक पट्टेरी रोप ऑनलाइन लिलावात १९,२०० न्यूझीलंड डॉलरला गेलं. लोक त्याला ‘मिनी मॉन्स्टेरा’ म्हणतात. प्रत्यक्षात ती ऱ्हॅफिडोफोरा, याच कुळातली वेगळी वेल. तिची एक सख्खी बहीण, ऱ्हॅफिडोफोरा पर्टुसा, आपल्या सह्याद्रीत झाडांवर चढते, तिच्याही पानांना चिरा आणि भोकं असतात, आणि तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

मॉन्स्टेराचं फळ खातात, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. घरात ते क्वचितच धरतं. बागेत, झाडाच्या आधाराने वाढलेल्या जुन्या वेलीला धरतं. फळ मक्याच्या कणसासारखं, वीतभर, हिरव्या षटकोनी खवल्यांनी झाकलेलं, आणि पिकायला वर्ष किंवा त्याहून जास्त घेतं. पिकतंही बुडाकडून टोकाकडे, थोडं थोडं. खवले आपोआप गळून पडले तेवढाच भाग खायचा. चव अननस आणि केळ्याच्या मधली. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर फुंशालच्या बाजारात ते विकायला असतं. घाई करून कच्चा भाग चावला तर जीभ-घसा पेटतो, कारण कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया टोचतात. अळू घशाला खाजतं ते याच सुयांनी. म्हणून तर फदफद्यात चिंच पडते. मॉन्स्टेराच्या पानात, देठात, खोडात या सुया असतात. रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर हवी, आणि छाटणीनंतर हात धुवायचे.

छाटणीची वेळ येतेच. उजेड आणि ओली काठी दोन्ही मिळाली की काही वर्षांत शेंडा छताला टेकतो, आणि फ्लॅटच्या छताला त्यापुढे उपाय नाही. जून-जुलैत, हवा उबदार आणि दमट असताना, धारदार पातं स्पिरिटने पुसून शेंडा कापावा. त्यावर दोन-तीन पेरं आणि निदान एक हवाई मूळ असलंच पाहिजे. पेराशिवाय नुसतं देठासकट पान पाण्यात ठेवलं तर कधीकधी मुळं फुटतात, पण कोंब फुटत नाही. महिनोन्‌महिने ते पानच राहतं. शेंडा दिवसभर सावलीत ठेवून कापलेली जागा सुकू द्यावी आणि मग ओल्या मिश्रणात लावावा. कुंडीत उरलेल्या खुंटाला खालच्या पेरातून काही आठवड्यांत नवा कोंब येतो. त्याची पहिली पानं बहुधा लहान आणि कमी चिरांची असतात. शेंड्याला मात्र वय विसरायला होत नाही, तो नव्या कुंडीतही लवकरच भोकांची पानं देतो. शेजारी मागायला आले तर जाणकार शेजारी शेंडाच मागतो, आणि काठी बरोबर घेऊन येतो.